ट्रेलरचा रकाना

कोल्हापुरातल्या शाहूपुरीत कुंभार गल्लीच्या अंगाला राहणारी माणसं पावसाळ्यात फुटांत बोलतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर आली की इशारा, ४३ वर धोका, आणि त्यापुढं प्रत्येक फुटाबरोबर आणखी एका गल्लीतली माणसं सामान माळ्यावर चढवायला लागतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. दोन्ही वेळा पाणी ओसरल्यावर आधी चिखल काढणारे आले, मग औषध फवारणारे, आणि मग बगलेत फाईल घेतलेले विम्याचे सर्व्हेअर. बॉनेट उघडून ते फोटो काढायचे, चासी नंबरवरचा गाळ बोटानं पुसायचे, मालकाला पॉलिसी मागायचे. शेजाऱ्यांच्या दारात उभी राहून मी हे काम जवळून बघितलं. पाणी यायच्या आधी कागदावर जी किंमत लिहिलेली असते, पाणी गेल्यावर त्यात एक रुपयाची भर पडत नाही. कितीही सांगा, कितीही जुने फोटो दाखवा.

आमच्या घरची एक वस्तू मला या कागदावर आणायची होती. ती कुठल्याच रकान्यात बसत नव्हती.

जीपच्या मागं जोडून न्यायची ती एक छोटी खोली आहे. दोन माणसं आडवी होतील एवढी लांबी, आत मांडी घालून बसलं तर डोक्याला छत लागणार नाही एवढी उंची, आणि मागचा पत्रा वर उचलला की स्वयंपाकाचा ओटा. अमेरिकेत १९३० आणि ४० च्या दशकांत अशा थेंबाच्या आकाराच्या खोल्या लोक घरच्या घरी बांधत. तिकडच्या मेकॅनिक लोकांच्या मासिकांत त्यांचे आराखडे छापून येत. तसलं एक मासिक आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, रद्दीत सापडलं. आबा उद्यमनगरात एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. आजोबांनी डिस्पोजलमधून, म्हणजे लष्करानं विकायला काढलेल्या मालातून, विलीज जीप घेतली होती आणि तिच्याबरोबर आलेला लष्करी ट्रेलर शेतावर शेणखत न्यायला वापरात होता. १९६८ साली त्या ट्रेलरवर ही खोली उभी राहिली. घरात तिला कुणी ट्रेलर म्हणत नाही. डबा म्हणतात. डब्यातून आम्ही दाजीपूर बघितलं, आंबा घाट बघितला, गगनबावड्याच्या धुक्यात स्टोव्ह पेटवून चहा प्यायलो. आईला तिच्या उभ्या आयुष्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोंगर दिसला तो याच ओट्यावरून.

खालचा ट्रेलर कुठून आला हे पुढं महत्त्वाचं ठरणार आहे, म्हणून इथंच सांगते. त्याच्या पुढच्या अंगाला एक पत्र्याची पट्टी आहे आणि तिच्यावर बँटम हे नाव आहे. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या या छोट्या कंपनीनं १९४० साली अमेरिकन लष्कराला पहिली जीप बनवून दाखवली. पण युद्धाला लागणाऱ्या जीपा लाखांनी हव्या होत्या. ती मोठी कामं विलीज आणि फोर्ड यांच्याकडं गेली, आणि ज्यांनी जीप जन्माला घातली त्यांच्या वाट्याला मुख्यतः तिच्यामागं जोडायचे पाव टनी ट्रेलर आले. पाण्यातून ओढताना तरंगावा म्हणून तो ट्रेलर सगळीकडून बंद टोपासारखा बनवलेला असतो आणि आत शिरलेलं पाणी काढायला तळात दोन बुचं असतात. आमच्या डब्याची गादी उचलली, खालची फळी सरकवली की ती दोन्ही बुचं आजही दिसतात. पाव टन म्हणजे सव्वादोनशे किलोंच्या आसपासचा भार. आबांचं सगळं गणित त्या आकड्याभोवती फिरत होतं. सागवान फक्त फासळ्यांना, बाकी अंगाला अॅल्युमिनियमचा पत्रा. प्रत्येक फासळी तोलून तिचं वजन त्यांनी आराखड्याच्या कडेला पेन्सिलीनं लिहून ठेवलंय.

आबा गेल्यावर जीप आणि डबा माझ्याकडं आले. जीपचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरता विमा, चालू होता. डब्याचा स्वतंत्र विचार कधी कुणी केलेला नव्हता. घरात सगळे म्हणायचे, याची काय किंमत करणार, याला किंमत नाही. प्रेमानं म्हणायचे. पण हेच वाक्य विमा कंपनीच्या टेबलावर ठेवलं की त्याचा अर्थ फक्त शून्य होतो.

मी पहिल्यांदा ज्या कार्यालयात गेले तिथल्या मुलानं संगणकावर कंपनी निवडायची यादी उघडली. त्यात बँटम नव्हतं. मॉडेल नव्हतं. बांधणीचं वर्ष टाकायला गेला तर ते वर्ष यंत्र घेईना. "मॅडम, ह्याला आपण थर्ड पार्टीच करूया का?" असं तो अगदी मनापासून म्हणाला. मी आग्रह धरल्यावर साहेबांना विचारून आला आणि म्हणाला, चाळीस हजार टाकू. हा आकडा कुठून आला, याचं उत्तर त्याच्याकडं नव्हतं आणि त्याच्या साहेबांकडंही नव्हतं.

मग मी नियम वाचायला बसले. मोटार विम्याचे जुने दरपत्रक, २००२ चं, आजही या धंद्याचा पाया आहे. २००७ पासून कंपन्यांना स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचे दर ठरवायची मोकळीक मिळाली, पण अटींची भाषा बहुतांशी तीच राहिली. गाडीची विमा रक्कम, ज्याला सगळे आयडीव्ही म्हणतात, ती नव्या गाडीच्या किमतीतून वयाप्रमाणं घसारा कापून काढायची. सहा महिन्यांच्या आत ५ टक्के, वर्षाच्या आत १५, दोन वर्षांच्या आत २०, मग ३०, मग ४०, आणि पाचव्या वर्षापर्यंत ५०. इथं तक्ता संपतो. पाच वर्षांपुढच्या आणि बनायच्या बंद झालेल्या गाड्यांसाठी एकच ओळ आहे: रक्कम कंपनी आणि मालक यांनी आपसांत ठरवावी. म्हणजे चाळीस हजार हा नियम नव्हता. तो एका बाजूनं सुचवलेला आकडा होता, आणि दुसरी बाजू मी होते. त्या ओळीनं मला खुर्ची ओढून समोर बसायचा हक्क दिला.

अमेरिकेत जुन्या गाड्यांच्या विम्याच्या तीन तऱ्हा असतात. एकीत नुकसान झालं त्या दिवशीचा बाजारभाव मिळतो. दुसरीत मालक आकडा सांगतो, पण कंपनी तो आकडा किंवा बाजारभाव यातलं जे कमी असेल ते देते. तिसरीत दोघं आधीच आकड्यावर सह्या करतात आणि गाडी पूर्ण गेली तर तेवढे पैसे वाद न घालता हातात येतात. आपल्याकडच्या दरपत्रकात ही तिसरी तऱ्हा फक्त व्हिंटेज मोटारींना ठेवलेली आहे, आणि व्हिंटेज म्हणजे ३१ डिसेंबर १९४० च्या आधी बनलेली, व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियानं तसा दाखला दिलेली मोटार. आमचा ट्रेलर युद्धातला, म्हणजे त्या तारखेच्या पुढचा. शिवाय तो मोटार नाहीच. २०२१ साली केंद्र सरकारनं व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे वेगळे नियम काढले, त्यात पन्नास वर्षांची अट आहे, दहा वर्षांची नोंदणी आहे, नंबरात व्हीए ही अक्षरं आहेत. वाचून मला आशा वाटली. पण तेही दुचाकी आणि चारचाकींपुरतंच. दोन चाकांवर चालणारी आणि स्वतःचं इंजिन नसलेली गोष्ट त्यात कुठंच नाही. गंमत अशी की मोटार वाहन कायदा ट्रेलरला मोटार वाहनच मानतो, त्याची नोंदणी लागते, रस्त्यावर त्याचा थर्ड पार्टी विमा लागतो. जबाबदारी घेताना तो वाहन आहे, मान देताना नाही. हे मला आजही पटत नाही.

नोंदणी पुस्तकानं मात्र हात दिला. कापडी पाठीचं, घड्या पडून चिरलेलं ते पुस्तक आबांनी पत्र्याच्या ट्रंकेत जपलं होतं. १९३९ च्या कायद्याखालची नोंदणी, आणि पुढच्या पानावर बॉडी बदलल्याचा शेरा, शिक्क्यासकट. ज्या काळात कुणीही विचारलं नसतं त्या काळात आबांनी खोली बांधल्यावर ट्रेलर तपासणीला नेला होता. तो शेरा नसता तर पुढचं सगळं बोलणं पहिल्याच पायरीवर थांबलं असतं. ज्यांच्याकडं असल्या वस्तू आहेत त्यांनी बाकी काही नाही तरी हा एक शेरा आहे का बघावा.

आता किंमत. ती काढायला सांगलीहून एक व्हॅल्यूअर आले. निवृत्त यांत्रिकी अभियंते, कारखान्यांची यंत्रं तोलण्यात आयुष्य गेलेलं. मी त्यांच्याबरोबर आणखी एका माणसाला बोलावलं होतं. आबांबरोबर हा डबा बांधणाऱ्यांपैकी आता एकच मेस्त्री हयात आहेत. तेव्हा ते चौदा वर्षांचे हेल्पर होते. उद्यमनगरातल्या त्या पिढीतल्या अनेकांसारखे तेही शाळेतून थेट लेथवर आलेले. कोल्हापूरला हे नवीन नाही. बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा इथंच स्वतः बनवला, तो बनवायला शिकवणारं कॉलेज कुठं होतं?

व्हॅल्यूअर साहेबांची तपासणी बघण्यासारखी होती. आधी ते काहीच न बोलता चारी बाजूंनी फिरले. मग फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक काढून खालच्या पोलादी टोपावरून फिरवत गेले. जिथं चुंबक सुटतो तिथं रंगाखाली लांबी (पुट्टी) भरलेली, म्हणजे मूळ पत्रा खाल्लेला. दोन ठिकाणी सुटला, दोन्ही मागच्या कोपऱ्यांत. स्प्रिंगचे पाटे बघितले, धुऱ्याचे बेअरिंग चाक उचलून हातानं डुलवून बघितले, जीपच्या हुकात अडकणारं गोल कडं किती झिजलंय ते कॅलिपरनं मोजलं. आत शिरून फळ्यांच्या सांध्यांत स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबत गेले. कुजकं लाकूड टोक आत घेतं, चांगलं सागवान घेत नाही. सगळ्यात जास्त वेळ त्यांनी घालवला तो पत्रा आणि टोप यांच्या सांध्यावर.

"अॅल्युमिनियम आणि पोलाद एकमेकांना चिकटून ठेवले आणि पाणी लागलं की अॅल्युमिनियम खलास होतं. पांढरी पावडर सुटते," ते म्हणाले. "एवढ्या वर्षांत इथं चाळण व्हायला पाहिजे होती. झाली नाही. का?"

मेस्त्री पुढं झाले. खिशातला छोटा चाकू काढून सांध्यातून एक काळी कडा त्यांनी जराशी बाहेर काढली. डांबरी कागदाची पट्टी. तिच्यावर पुन्हा सायकलच्या ट्यूबची पट्टी.

"साहेब, समद्या सांध्याला हाय ही. आमच्या मालकांनी सांगितलेलं, लोखंडाला ह्यो पत्रा कुठंबी शिवू द्यायचा न्हाई. रिव्हेटला सुदिक वायसर घातलाय खालनं."

व्हॅल्यूअर साहेबांनी भिंग काढून तो सांधा कितीतरी वेळ बघितला. मग त्यांनी रिव्हेटांच्या रांगेवरून बोट फिरवलं. मेस्त्रींनी त्यांना एका जागी थांबवलं. "ही चार आमची न्हवं. मागनं कुणीतरी बशीवल्यात. डोकं चपटं हाय बघा. आमचं डोकं गोल." खरंच होतं. ऐंशीच्या दशकात एक फांदी पडून पत्रा चेपला होता, ते काम दुसरीकडं करून घेतलेलं. मग मेस्त्रींनी सांगितलं की रिव्हेट मारताना बाहेरून आबा हातोडा घालायचे आणि आतून लोखंडी ठोकळा धरून बसायला ते स्वतः, कारण त्या कोपऱ्यात मावणारा तेवढाच एक जण होता. "कानात दोन दिस घुमत राहायचं," एवढंच ते म्हणाले.

आठवड्यानं अहवालाचा पहिला मसुदा आला आणि तो वाचून मला झोप लागली नाही. मूळ बँटम ट्रेलर, युद्धकाळातला, पट्टी शाबूत, बुचं शाबूत, हातब्रेक शाबूत, म्हणून त्याला चांगली रक्कम. आणि खोलीपुढं लिहिलेलं: नंतर केलेला बदल, मूळ स्वरूपास बाधक, सबब वजावट. शेवटी एक टीप होती, लष्करी वाहनं जमवणाऱ्यांच्या दृष्टीनं वरची बांधणी काढून मूळ ट्रेलर मोकळा केल्यास किंमत वाढू शकते.

त्यांच्या बाजूनं ते चुकीचं नव्हतं. जुन्या वाहनांच्या जगात मूळपणाला भाव आहे. कारखान्यातून जशी बाहेर पडली तशीच असलेली गाडी सगळ्यात वर, आणि त्यात जेवढा नंतरचा हात लागला तेवढी खाली. हे माप ठीक आहे, पण ते ज्या देशांत तयार झालं तिथं गाड्या कारखान्यातून बाहेर पडत होत्या. आपल्याकडं निम्म्या गाड्या कारखान्यातून बाहेर पडून पुन्हा उद्यमनगरात जन्माला आल्या. डिस्पोजलच्या जीपवर लाकडी बॉडी चढली, ट्रकच्या चासीवर बस झाली, डिझेल इंजिनाचं कास्टिंग इथंच ओतलं गेलं. त्या कामाला बदल म्हणून वजा करत गेलो तर या शहराचा पन्नास-साठ वर्षांचा कारागिरीचा इतिहास सगळ्या अहवालांत उणे चिन्हानं लिहिला जाईल. हे मला अजिबात मान्य नाही, आणि मी ते व्हॅल्यूअर साहेबांना फोनवर नाही, समोर जाऊन सांगितलं.

त्यांनी ऐकून घेतलं. मोठा माणूस. म्हणाले, "ताई, भावना मी लिहू शकत नाही. आकडा लिहायला मला आधार द्या."

आधार दोन तऱ्हेचा असू शकतो, हे त्यांनीच समजावलं. बाजारात अशाच वस्तूची विक्री झालेली असेल तर तो भाव. आमच्या डब्याला जोड नाही, त्यामुळं ती वाट बंद. अमेरिकेतल्या चकचकीत अॅल्युमिनियमच्या जुन्या ट्रेलरांचे लिलावातले आकडे इथं लावून चालत नाहीत, ती वेगळी बाजारपेठ आणि वेगळी वस्तू. दुसरी वाट म्हणजे आज हीच वस्तू, याच मालानं, याच पद्धतीनं पुन्हा बांधायची तर काय पडेल ते काढायचं आणि त्यातून झीज वजा करायची.

मग मेस्त्री, मी आणि आबांचा आराखडा, असे आम्ही बसलो. सागवान घनफुटात. आराखड्यावर प्रत्येक फासळीचं माप होतंच, बेरीज करून लाकडाच्या वखारीत आजचा दर विचारला. पत्रा किलोत. रिव्हेट, रबर, काच, बिजागऱ्या, कुशन. हे सगळं सोपं होतं. अवघड होते ते तास. मेस्त्री डोळे मिटून एकेक काम आठवत गेले. फासळ्या वाफेवर वाकवायला एवढे दिवस. पत्रा गोलाईवर बसवायला एवढे, त्यात एक पत्रा फुकट गेला तो धरून. मागचं झाकण पाणी न येता बसायला एवढे, कारण ते तीनदा काढून घातलं. त्यांना विचारलं, आज एवढं काम करणारा माणूस मिळेल का, आणि मिळाला तर रोज किती घेईल? त्यांनी विचार करून एक आकडा सांगितला, मग म्हणाले, "पर तसा मानूस हुडकायलाच म्हैना जाईल, त्यो बी धरा."

तो आम्ही धरला नाही. बाकीचं सगळं धरलं. व्हॅल्यूअर साहेबांनी उद्यमनगरातल्या आणखी दोन कारखान्यांत मजुरीचे दर स्वतः विचारून खात्री केली. झीज कापताना त्यांनी दयामाया केली नाही: मागच्या कोपऱ्यांतली लांबी, ती चार चपटी रिव्हेटं, कडक झालेलं खिडक्यांचं रबर, सगळं वजा. सुधारलेल्या अहवालात दोन स्वतंत्र भाग आले. खालचा ट्रेलर वेगळा, वरची बांधणी वेगळी, आणि वरच्या बांधणीपुढं "नंतर केलेला बदल" खोडून "१९६८ मधील कोल्हापूर बनावटीची बॉडी, नोंदणी पुस्तकात नोंद" असं लिहिलेलं. दोन्ही मिळून रक्कम तीन लाख साठ हजार. त्यात वरच्या बांधणीचा वाटा खालच्यापेक्षा मोठा.

घरातल्या एका गोष्टीला मात्र अहवालात जागा मिळाली नाही. आत्या नेहमी सांगायची की पन्हाळ्यावर एका शूटिंगच्या वेळी नटीला कपडे बदलायला डबा दिला होता. जयप्रभा स्टुडिओ गजबजलेला असण्याच्या काळातली गोष्ट, खोटी असण्याचं कारण नाही. फोटो सापडला तोही तीन दरवाजापुढचा, डब्यापुढं लोखंडी पेट्या, छत्री धरलेला एक माणूस. पण कुठलं शूटिंग, कुठली कंपनी, कुठलं साल, काही लिहिलेलं नाही. व्हॅल्यूअर साहेबांनी फोटो परिशिष्टात घेतला, तेव्हाची बांधणी आणि आजची बांधणी तीच आहे याचा पुरावा म्हणून. नटीचे पैसे दिले नाहीत. मला ते बरोबर वाटलं. ज्या आकड्यावर मी उद्या भांडणार आहे त्यात ऐकीव काही नको.

अहवाल घेऊन मी दुसऱ्या एका कंपनीच्या शाखेत गेले. तिथल्या बाई तशा गप्प, पण वाचणाऱ्या होत्या. त्यांनी विचारलं, एवढी रक्कम कशाला? प्रीमियम वाढेल. तेव्हा मी त्यांना माझ्या मनातली खरी भीती सांगितली. दुरुस्तीचा खर्च विमा रकमेच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की गाडी पूर्ण गेली असं धरतात. चाळीस हजारांच्या कागदावर ही रेघ तीस हजारांवर येते. पुराचं पाणी दोन दिवस आत राहिलं, फळ्या फुगल्या, कुशन गेलं, बेअरिंगांत गाळ शिरला, तर तीस हजार कधी ओलांडले कळणारही नाही. मग उभा, धडधाकट, दुरुस्त होऊ शकणारा डबा कागदावर भंगार ठरतो आणि भंगाराची किंमत वळती करून उरलेले पैसे हातात पडतात. कमी रकमेचा विमा नुसता कमी पैसे देत नाही, तो वस्तूला लवकर मारतो. माझ्या समोरच्या घरातल्या जुन्या फियाटचं २०१९ मध्ये हेच झालं. ती गाडी वाचली असती.

बाईंनी मान हलवली आणि एक गोष्ट त्यांनी आपणहून सांगितली, जी मला आधीच्या कार्यालयात कुणी सांगितली नव्हती. रक्कम तीन लाख साठ हजार लिहिली तरी ती पूर्ण मिळेल ती डबा चोरीला गेला किंवा पूर्ण गेला तर. थोडं नुकसान झालं तर सुट्या भागांवर घसारा लागणारच. दहा वर्षांपुढच्या वाहनाच्या धातूच्या भागांवर ५० टक्के, लाकडी भाग त्याच तक्त्यात, रबर, प्लॅस्टिक, टायर ट्यूब यांच्यावर वय काहीही असो ५० टक्के. काचेला घसारा नाही. म्हणजे फासळी तुटली तर निम्मे पैसे माझे. हे ऐकायला कडू आहे, पण आधी कळलेलं बरं. त्या हिशेबानं मी दरवर्षी थोडी रक्कम बाजूला टाकते.

मग त्यांनी जीपच्या पॉलिसीचा छापील तक्ता माझ्यापुढं फिरवला आणि विमा रकमेच्या ओळीवर बोट ठेवलं. गाडीसाठी रुपये इतके. त्याच्या शेजारी दुसरा रकाना: ट्रेलरसाठी. मग विजेवर न चालणारी उपकरणं, विजेवर चालणारी, सीएनजी किट, एकूण. तो ट्रेलरचा रकाना मोटारींच्या बहुतेक पॉलिसींत असतो. तुमच्याही असेल, काढून बघा. आपण सगळेजण त्यात आडवी रेघ मारलेली बघत पुढं जातो. जीपचा नुसता थर्ड पार्टी बदलून पूर्ण विमा केला आणि त्या रकान्यात डब्याची रक्कम गेली. आतला पितळी स्टोव्ह, बर्फाची पेटी आणि आबांनी बनवलेलं घडीचं टेबल पुढच्या रकान्यात, यादीसकट. व्हॅल्यूअरचा अहवाल पॉलिसीला जोडला गेला आणि त्याच्या पानापानावर कंपनीचा शिक्का घेतला. मुंबईच्या कार्यालयातून दोन वेळा शंका आल्या, एकदा फोटो पुन्हा मागवले. बाईंनी दोन्ही वेळा स्वतः उत्तरं लिहिली. मी त्यांची ऋणी आहे.

अहवालाच्या शेवटच्या पानावर व्हॅल्यूअर साहेबांच्या सहीखाली मेस्त्रींचीही सही आहे, "मूळ बांधणीतील कारागीर" या ओळीवर. ती ओळ घालायची कल्पना साहेबांचीच. मेस्त्रींनी सही करायच्या आधी सगळे आकडे वाचून दाखवायला लावले. मजुरीच्या ओळीवर त्यांनी मला थांबवलं, ती पुन्हा वाचायला सांगितली आणि विचारलं, "पोरी, म्हंजे आमच्या कामाचं यवढं झालं?" मी म्हटलं, आजच्या दरानं एवढं. त्यांनी चष्मा पुसला, सही केली.

रक्कम दर तीन वर्षांनी पुन्हा तपासायची असं साहेबांनी लिहून दिलंय. नूतनीकरण मेमध्ये येईल असं बघितलंय, पाऊस लागायच्या आधी. त्याच वेळी आम्ही सांध्यांचे, चाकांचे, आतल्या फळ्यांचे नवे फोटो काढतो आणि एक प्रत पन्हाळ्याला आत्याच्या घरी ठेवतो, तिथं पंचगंगा पोचत नाही.

इचलकरंजीतल्या एका कुटुंबाकडं जुन्या बेडफर्डच्या चासीवर बांधलेली लाकडी बॉडीची गाडी आहे. त्यांना कंपनीनं थर्ड पार्टीच करा म्हणून सांगितलंय. मी मेस्त्रींना विचारलं, याल का बघायला? त्यांनी विचारलं, बॉडी कुणाच्या हातची? ठाऊक नाही म्हटल्यावर म्हणाले, "रिव्हेट बघितलं की सांगतो." व्हॅल्यूअर साहेब सांगलीहून परस्पर येणार आहेत. येत्या रविवारी जातोय.